गंज हा माझा विषय

४ फेब्रुवारी, शनिवार

रोजनिशी सुरू. एक जानेवारीलाच करणार होते, पण एक जानेवारीला सगळेच करतात.

सुरुवात एका चांगल्या निर्णयाने होते आहे. बाबांची व्हॅन मी दुरुस्त करणार.

परिस्थिती अशी. बाबा अंडी पोचवतात. पहाटे गोदामातून उचलायची, दुकानं करत करत शेवटी मोठ्या बेकरीत. कधी दुपारी आणखी एक फेरी. व्हॅन साधारण माझ्या वयाची आहे, पण तिने सोसलंय जास्त. तिचा मागचा डावा शॉकअप गेलाय. शॉकअप म्हणजे चाकाजवळचं ते जाड नळकांडं, जे खड्ड्याचा दणका गिळतं. आमचं गिळत नाही, वर पाठवतं. वर अंडी असतात. त्यामुळे आमच्या घरी रोज फुटक्या अंड्यांचं आम्लेट. धाकटी म्हणते, आपल्याकडे अख्खं अंडं फक्त पाहुणा आला की दिसतं.

आज बेकरीवाले काका बाबांना म्हणाले, "असंच फुटत राहिलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बाबांनी हे चहा पिताना सांगितलं, आज जरा ढग आहेत असं सांगावं तसं. पण चहा अर्धाच प्यायले.

नवा शॉकअप आणलेला आहे, खोक्यात पडून आहे. अडचण जुना निघण्याची आहे. त्याचा खालचा बोल्ट गंजून जाम झालाय. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, गॅसने कापून काढू, नाहीतर घण आहेच.

मी म्हणाले, थांबा. गंज म्हणजे शेवटी काय? लोखंडाची ऑक्सिजनशी झालेली रासायनिक प्रक्रिया. मी तीन वर्षं केमिस्ट्रीच शिकले ना? गंज हा माझा विषय आहे. आग आणि घण ही अज्ञानाची हत्यारं आहेत. घण घालणं म्हणजे हार मानणं.

बाबांच्या चेहऱ्यावर पदवीदान समारंभाच्या दिवशीचं हसू आलं. (तो फोटो त्यांनी व्हॅनच्या काचेला आतून चिकटवलाय. सिग्नलला थांबलं की शेजारचे ड्रायव्हर मला बघतात.) मी ग्रॅज्युएट झाल्यापासून आमच्या घरात कुकरची शिट्टी बदलायची का, हेसुद्धा मला विचारलं जातं. आई म्हणते, "ती सांगेल." मी सांगते. जबाबदारी आहे.

बाबा म्हणाले, "मग गॅरेजवाल्याला नको म्हणून सांगतो."

धाकटी म्हणाली, "ताई, पाना कुठल्या बाजूने धरतात माहितीये का?"

उद्या रविवार, बेकरी बंद. जेवणापर्यंत काम उरकेल. दुपारी नोकरीचे अर्ज.

५ फेब्रुवारी, रविवार

सुरुवात अपेक्षेपेक्षा चांगली. जॅक लावला, चाक काढलं, गाडी विटांवर घेतली. शॉकअपचा वरचा बोल्ट इतका सहज निघाला की मला गॅरेजवाल्याची कीव आली.

खालचा बोल्ट. तो कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, हे नुसतं बघून सांगता येत नाही. डिझेल ओतलं. पाना लावला. लोंबकळले. पाना निसटला, मी मागे पडले, बाबांची डिझेलची वाटी माझ्यावर पडली. याला अपयश म्हणता येणार नाही. हे निरीक्षण आहे.

बाबांनी विचारलं, उद्याच्या फेरीपुरतं चाक लावून देऊ का? शॉकअप दोरीने वर बांधला की झालं. मी समजावलं की डिझेल मुरत असताना गाडी हलवली तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल. शास्त्रीय काम आहे, वेळ लागतो. ते म्हणाले, "राहू दे मग. तसंही सध्या मंदी आहे. मागणीच नाही."

काय योगायोग! मी त्यांना मंदीची कारणं थोडक्यात सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

६ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

फिरला!!

६ फेब्रुवारी, सोमवार, थोड्या वेळाने

परत आला.

म्हणजे बोल्ट फिरतो, आणि हात सोडला की आपल्या जागी परत येतो. शॉकअपच्या टोकाला एक रबरी बुश असतो, त्याच्या मधल्या लोखंडी नळीला बोल्ट गंजाने चिकटलाय. मी बोल्ट फिरवत नव्हते, रबराला पीळ देत होते. दुपारभर.

पण "फिरला!" असं मी इतक्या जोरात ओरडले होते की आईने शेजारी जाऊन सांगितलं. बाबाही घरात येऊन म्हणाले, "मला खात्रीच होती." आता मागे जाऊन प्रत्येकाला रबराचं सांगत बसण्यात अर्थ नाही. निघाला की आपोआप खरं होईल.

७ फेब्रुवारी, मंगळवार

डिझेल हा रस्त्यावरचा उपाय. आजपासून आम्ल. आईची व्हिनेगरची बाटली घेतली. फडकं भिजवून बोल्टला पट्टी बांधली, तापात कपाळाला बांधतात तशी.

आई म्हणाली, "काही लागलं तर सांग हो." नंतर व्हिनेगर शोधत होती. मी सांगितलं, लागलं.

बाबांबद्दल एक आनंदाची गोष्ट. काम नाही म्हटल्यावर माणूस लोळत पडतो. बाबा पहाटे उठून धाकटीची सायकल घेऊन व्यायामाला जातात! व्यायामावर मी घरात किती वेळा बोलले आहे. तेव्हा कोणी ऐकत नाही असं वाटायचं. पेरलेलं उगवतं, उशिरा का होईना.

धाकटी कॉलेजला चालत गेली. जाताना दार आपटलं. तिला बाबांच्या तब्येतीची काळजी नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आम्लाचा परिणाम मंद. फडकं मात्र स्वच्छ झालं.

आज खरी पद्धत. विद्युत अपघटन. गंज चढला तो रासायनिक क्रियेने, तर विजेने ती उलटी फिरवता येते. हे माझ्या परीक्षेत आलं होतं आणि मला त्यात पूर्ण मार्क होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बोल्टभोवती, व्हॅनच्या बॅटरीची एक तार बोल्टला, दुसरी आईच्या पळीला, पळी फडक्यात. बुडबुडे यायला लागले. बुडबुडे बघून मला भरून आलं. पुस्तकातलं ज्ञान आमच्या गल्लीत, आमच्या व्हॅनखाली, बुडबुडत होतं.

रात्रभर तसंच ठेवणार आहे.

बाबा खाली वाकून बघत होते. म्हणाले, "हे गॅरेजवाल्याच्या बापाला सुचलं नसतं."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

बॅटरी मेली.

पळीला खालून भोक पडलंय. आईने ती उजेडात धरून बघितली. डाळ चमच्याने वाढली.

फडकं मध्ये कधीतरी सरकलं. मिठाचं पाणी बोल्टवर, स्प्रिंगच्या पाट्यावर, सगळीकडे पसरलं. सकाळी काल नव्हता तिथेही गंज होता. नवा, केशरी, ताजा.

मिठाने गंज वाढतो हे मला माहीत आहे. तेही परीक्षेत आलं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

काही किरकोळ नोंदी. मन दुसरीकडे वळवण्यासाठी.

एक तर, गाडी उभी आहे तरी घरात फुटकी अंडी येतातच. आधीपेक्षा कमी, पण येतात. गोदामवाला माणुसकी म्हणून पाठवत असावा. जगात चांगुलपणा आहे, आपण बघत नाही.

सायकलच्या कॅरिअरला बाबांनी आडवी फळी बांधलीय. धाकटीने मुद्दाम नेऊन दाखवली. मी विचारलं, व्यायामाला फळी कशाला? तिने फळीवर टकटक केलं. मग म्हणाली, "ताई, तुला केमिस्ट्रीत मार्क कोणी दिले गं?" मीच विचार केला, वजन वाढवून व्यायाम जास्त होत असणार. बाबांनी हे कुठून वाचलं?

बाबांच्या पँटच्या उजव्या पायाला चेनचं काळं लागतं. आई घासघासून काढते. हल्ली ते जेवताना डावा हात मांडीवर ठेवून दाबत बसतात. मी सांगितलं, सुरुवातीला स्नायू दुखतातच, हे चांगलं लक्षण आहे. ते म्हणाले, "हो का? बरं."

आई मध्येच म्हणाली, "अगं, तुला एक सांगायचं होतं." बाबा खाकरले. आई म्हणाली, "काही नाही, भात उरलाय, घे."

संकल्प: उद्यापासून बोल्टवर पूर्ण लक्ष.

१५ फेब्रुवारी, बुधवार

नटाचे कोपरे गेले. सहा कोपरे असतात, म्हणून पाना त्याला धरतो. आता तो बोराएवढा गोल गुळगुळीत झालाय, पाना त्याच्याभोवती नुसता फिरतो. यात दोष पान्याचा आहे. बाबांचा पाना बाबांच्या लग्नाआधीचा आहे.

गॅरेजवाला जाता जाता थांबला. खाली वाकला, बघितलं, जोरजोरात हसला. म्हणाला, "काय पॉलिश केलाय! तुमच्या बाबांना सांगा, दिवाणखान्यात ठेवा." मी म्हणाले, तुमच्याकडच्या पद्धतीत निम्मी गाडी जळते. तो म्हणाला, "जळते. पण निघते."

याचं उत्तर मला तासाभराने सुचलं. तोवर तो गेला होता.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते मी नीट लिहिणार आहे, कारण मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे.

मी व्हॅनखालून बाहेर येत होते. हाताला काहीतरी आलं, ते धरून उठले. ते मोडलं. तो ब्रेकचा पाइप होता. तोही गंजलेला होता, मला काय माहीत? तेल टपटप गळायला लागलं. खाली डबा ठेवला.

आतापर्यंत चाक लावून, बॅटरी बदलून गाडी निदान हळूहळू चालवता आली असती. आता ब्रेक नाहीत.

बाबा आले, डबा बघितला. विचारलं, "हे काय गं?" मी म्हणाले, जुनं तेल काढून घेतेय. पुढच्या टप्प्याची तयारी. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच पटलं.

बाबांनी मान डोलावली. मग डब्याशेजारी बसून राहिले. बराच वेळ. मी आत जाऊन दोन अर्ज लिहिले. "कठीण परिस्थितीत शांतपणे मार्ग काढण्याची क्षमता", असं दोन्हीत लिहिलंय.

१८ फेब्रुवारी, शनिवार

हॅक्सॉचं ब्लेड आणायला बाजारात गेले होते. बोल्ट कापायचा ठरवलं होतं. कापणं म्हणजे जाळणं नव्हे, असं तत्त्व मी सकाळी काढलं होतं.

बेकरीच्या चढावर बाबा दिसले.

सायकलवर बसले नव्हते. सायकल ढकलत होते. फळीवर अंड्यांचे ट्रे, एकावर एक, दोरीने बांधलेले. उजव्या हातात हँडल, डावा हात मागे ट्रेवर. म्हणून डावा हात दुखत होता. स्पीडब्रेकर आला की ते थांबायचे, मागे येऊन कॅरिअर उचलून मागचं चाक अलगद पलीकडे ठेवायचे. मग पुन्हा हँडल. जिथे शॉकअप लावतात, तिथे बाबा स्वतः होते.

मी हाक मारली नाही. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती, तिच्या मागे जाऊन उभी राहिले. वडील चढावर अंडी ढकलतायत आणि मी मडगार्डमागे वाकून बसलेय. हातात ब्लेड.

बेकरीच्या दारात त्यांनी सायकल टेकवली. काका बाहेर आले. सगळं ऐकू येत होतं.

काका म्हणाले, "अहो, गाडीचं अजून नाही का झालं?"

बाबा म्हणाले, "होतंय की. मुलगी करतेय ना. शास्त्रीय काम आहे, वेळ लागतो."

"ते ठीक आहे हो. पण सायकलवर तुम्ही आणून आणून किती आणणार? मी निम्मा माल सोमवारपासून दुसऱ्याकडून घेतोय. राग मानू नका."

"राग कसला? बरोबर आहे तुमचं."

"गॅरेजात का टाकत नाही?"

"तिला सांगितलंय, घाई करू नकोस म्हणून. आमच्याकडे पहिलीच शिकलेली आहे ती. घाई कशाला करायची?"

मंदी वगैरे काही नव्हतं.

मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले. तो लांबचा आहे. आईला म्हणाले, तुला माहीत होतं? ती कांदा चिरत होती. म्हणाली, "तुझे बाबा म्हणाले, तिचं मन लागलंय, बोलू नका." धाकटी म्हणाली, "मी तर रोज सांगत होते. फळी दाखवली तुला मी! आणखी काय, चित्र काढून द्यायचं होतं?"

ब्लेड तिथेच कुठेतरी पडलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

गॅरेज बंद. आज काही लिहिण्यासारखं नाही. म्हणजे आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार

बाबा फेरीला गेल्यावर गॅरेजवाल्याकडे गेले. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "गॅस आणू का?" मी हो म्हटलं. आणखी एक वाक्य मी बोलले, तेही लिहून ठेवते: "बाबा यायच्या आत झालं तर बरं."

तो हातगाडीवर दोन सिलिंडर घेऊन आला. स्वतःचा चष्मा विसरला म्हणून परत गेला. मग पाना विसरला म्हणून परत गेला. मग ज्योत लावली. बोल्ट लाल झाला, रबरी बुशाने पेट घेतला, काळा धूर थेट शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्याने माती टाकली, शिव्या दिल्या, पुन्हा ज्योत लावली. मडगार्डच्या आतला रंग जळाला. त्याची बाही जळाली. माझ्या आयुष्यात इतकं अशास्त्रीय काम मी पाहिलं नाही. "होतं असं," तो म्हणाला, "गाडी आहे, फुलदाणी नाही."

बोल्ट दोन तुकड्यांत खाली पडला. जेवणाच्या वेळेआधी नवा शॉकअप, नवा पाइप, त्याच्याकडची एक जुनी बॅटरी, चाक, सगळं जागेवर होतं.

ठरवलं होतं: बाबा आल्यावर शांतपणे, मुद्देसूद, सगळं सांगायचं. पहिला मुद्दाही पाठ केला होता.

बाबा आले. गाडी चार चाकांवर उभी बघून सायकल तशीच सोडली. सायकल पडली. ते गाडीभोवती फिरले, मागचा भाग दाबून बघितला. तो खाली गेला आणि सावकाश वर आला, एकदाच. बाबा म्हणाले, "झालं?"

मी म्हणाले, "हो, पण..."

"झालं गं!" त्यांनी आईला हाक मारली. शेजाऱ्यांना हाक मारली. मग नाक वर करून म्हणाले, "वास कसला येतोय?"

मी म्हणाले, "रासायनिक प्रक्रियेचा."

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या सांगणार.

वाणी म्हणाला, "तुमच्या ताईंनी गंज विरघळवला म्हणे?" मी हसले. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. (आहे.)

पहिल्या फेरीत एकही अंडं फुटलं नाही. बाबांनी सगळे ट्रे मोजून आईला सांगितलं. बेकरीत अजून निम्माच माल जातोय.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगणारच होते. जेवताना विषय काढला, "बाबा, त्या बोल्टचं..." ते म्हणाले, "बेकरीवाल्या काकांना मी सगळं समजावून सांगितलं. बॅटरी, मीठ, पळी. त्यांनी तोंडात बोट घातलं." धाकटीला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. तेवढं एक काम माझ्या हातून झालं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दारात आत्या. सोबत तिची स्कूटर, तीही ढकलत आणलेली. मागच्या चाकाचा नट गंजून जाम, पंक्चर काढायला चाकच निघत नाही. ती घामाघूम होऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दादाने फोनवर सांगितलं सगळं. म्हटलं, बाहेर कशाला द्यायची, घरात शास्त्रज्ञ असताना? ते काय ते बुडबुडे काढतेस ना, ते काढ. मी थांबते."

आईने आत्यासाठी चहा टाकला. धाकटी माझ्या कानात म्हणाली, "नवी पळी आणलीय. देऊ?"

मी स्कूटरजवळ वाकून बसले. नट बघितला. गंज बघितला. आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "आमच्या पिढीत कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही गं. तू गेलीस." तिच्या तळहाताला हँडलच्या रबराचं काळं लागलेलं होतं.

मी म्हणाले, "आत्या, उद्या बघते."

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मी आत्याची स्कूटर ढकलत बाहेर काढली. चाक जड, गल्ली लांब, आणि सगळे घरीच होते. वाणी म्हणाला, "टेस्ट घेताय का?" मी म्हणाले, "नाही, गॅरेजात नेतेय." तो म्हणाला, "का बरं?" मी म्हणाले, "मला येत नाही. व्हॅनचंही मी केलं नाही." तो म्हणाला, "हॅ, विनय आहे हो तुमच्यात." शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "शिकलेली माणसं असंच बोलतात." खरं बोलले तर कोणी घेईना.

गल्लीच्या मध्यावर मागून हॉर्न वाजला. बाबा दुपारच्या फेरीला निघाले होते. काचेवरच्या फोटोत माझा काळा झगा आणि ती टोपी.

"कुठे चाललीस?"

सगळं सांगितलं. मुद्देसूद नाही. रबराचं, मिठाचं, पाइपचं, जुन्या तेलाचं. बेकरीच्या चढाचं. गाडीमागे बसले त्याचं. वासाचं.

बाबा गाडीतून उतरले. मागच्या चाकाशी वाकून आत बघितलं, जळलेल्या रंगावर बोट फिरवलं.

"म्हणजे गॅसने कापलं?"

"हो."

"हे तर मी पहिल्याच दिवशी करून आणलं असतं."

टोमणा नव्हता. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस बोलतो तसं बोलले.

"मग का नाही आणलं, बाबा?"

"तू म्हणालीस ना, घण घालणं म्हणजे हार. मला वाटलं, असेल काहीतरी. आपल्याला न कळणारं."

बाबांनी बोटाला लागलेलं काळं पँटला पुसलं.

"आता बेकरीत काय सांगू मी?" ते म्हणाले. आणि मग, "आणि तुझ्या आत्याला?"

मी म्हणाले, आत्याला मी सांगते. बेकरीतही मीच येते. त्यांनी मागचं दार उघडलं. आम्ही स्कूटर मागे चढवली. तिला जागा करायला वरचा एक ट्रे काढावा लागला, तो बाबांनी माझ्या मांडीवर दिला. "नीट धर."

आधी स्कूटर गॅरेजात उतरवली. गॅरेजवाला म्हणाला, "हिला मीठ लावलंय का?" बाबा हसले नाहीत. मी हसले, कोणीतरी हसायला हवं म्हणून.

मग बेकरीचा चढ. स्पीडब्रेकर आले. गाडी त्यांवरून अशी गेली की कळलंही नाही. मागे एकही अंडं हललं नाही. बेकरीच्या दारात मी काकांना म्हणाले, उशीर माझ्यामुळे झाला, बाबांमुळे नाही, आणि गाडी गॅरेजवाल्याने केली. काका म्हणाले, "बरं." मग बाबांना म्हणाले, "त्या दुसऱ्याला मी महिनाअखेरपर्यंतचं सांगून बसलोय. नंतर बघू." बाबा म्हणाले, "बघू."

ट्रे द्यायला गेले तर माझा अंगठा चिकट. इतका घट्ट धरला होता की एका अंड्यात आत गेला होता.

संध्याकाळी आईने त्याचं आम्लेट केलं, एवढंसं. धाकटी म्हणाली, "आता कशाने फुटलं? नवा शॉकअप आहे ना?"

बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, "रस्ता खराब होता."

मी म्हणाले, "माझ्या हातून फुटलं."